पाच पेले दूध, एक नळी रक्त

रक्ताच्या तपासणीला कुणी दूध घेऊन आलेलं मी माझ्या नोकरीत एकदाच पाहिलं. स्टीलचे पाच पेले, प्रत्येकाच्या तोंडाला ओलं फडकं, आणि प्रत्येक फडक्याला वेगळ्या रंगाचा दोरा. टोपलीत गवत भरून त्यात ते पेले असे बसवले होते की पेडगावपासून परभणीपर्यंत थेंबभरही सांडलं नव्हतं. तो रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांनाच याची किंमत कळेल. टोपली माझ्या टेबलावर ठेवून आप्पा म्हणाले, "माय, आधी दुधं घे. रक्त मंग काढ."

आप्पा आता नाहीत. मीही परभणी सोडली. इथं दूध पिशवीतून येतं आणि त्याला कसलाच वास नसतो. तरी कधीमधी ते तापत असताना, साय धरायच्या जरा आधी, एक ओळखीची वाफ वर येते आणि मी तिथंच उभी राहते. दूध उतू जातं. घरातले म्हणतात, हिचं लक्षच नसतं. लक्ष असतं, फक्त त्या वेळी ते पेडगावच्या रस्त्यावर असतं.

आप्पा म्हणजे पेडगावचे गुरलिंगआप्पा. परभणीतल्या आमच्या वस्तीत त्यांची दुधाची फेरी विहाराच्या कोपऱ्यापासून सुरू व्हायची. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चौकोनी डबी, जुनी मोपेड आणि तिच्या दोन्ही बाजूंना कॅन. थंडीत धुकं असलं की गाडी दिसायच्या आधी वास यायचा. धारोष्ण दूध, ओला चारा, थोडी पेंड, थोडा चुलीचा धूर. वर्षानुवर्षं दूध सांडून त्यांच्या शर्टाच्या बाह्या कडक झाल्या होत्या. आम्ही पोरं त्यांच्या भोवती उगाच घोटाळायचो. लहानपणी मला वाटायचं की सगळ्या म्हाताऱ्या माणसांना असाच वास येतो.

माप घालता घालता ते रात्री पडलेलं स्वप्न सांगायचे. त्यांच्या प्रत्येक स्वप्नात म्हैस असायचीच. "काल भुरी रेल्वेत बसून गंगाखेडला गेली. गोदागंगेत डुंबली, तिथल्या बायांनी तिला साखर चारली, अन् बिगरतिकिटाची वापस आली." माझी आई आत गॅस पेटवून आलेली असायची, पण स्वप्न संपेपर्यंत तिला हलता येत नसे. कधी कधी तर अर्धं स्वप्न आमच्या दारात आणि उरलेलं शेजारच्या दारात सांगितलं जायचं. मग आई दुपारी शेजारी जाऊन विचारून यायची की म्हशीचं पुढं काय झालं. "या माणसाला दूध विकायचंय का स्वप्नं?" असं ती रोज म्हणायची, पण दूधवाला तिने कधी बदलला नाही.

दुधाबद्दल त्यांचं स्वतःचं एक मत होतं. म्हशीनं दिवसभर जे बघितलं ते दुधात उतरतं. "काल तळ्यावर नेल्ती, आज बघा गार लागतंय." मी पेल्यातून घोट घेऊन डोळे मिटायचे आणि मला खरंच तळं दिसायचं. पुढे विज्ञान शिकले, प्रयोगशाळेत कामाला लागले, आणि तळं दिसेनासं झालं. यात विज्ञानाचा काय फायदा झाला ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांच्या घरात एक रीत होती. घरात लेकरू जन्मलं की त्या वर्षी गोठ्यात झालेली एक वगार, म्हणजे म्हशीचं मादी पिल्लू, त्या लेकराच्या नावाची व्हायची. वगार मोठी होऊन व्याली, तिचा चीक सरला, की पहिलं दूध त्या लेकराच्या ओठाला लावायचं. लेकराच्या तोंडी लागल्याशिवाय ते दूध कुणी प्यायचं नाही, विकायचं नाही, देवालाही वाहायचं नाही. "मंगच जनावराला कळतं, आपण कुणाचे हाव ते," आप्पा सांगायचे. त्यांच्या स्वतःच्या नावाची म्हैस कधीच मेली होती, पण तिच्या दुधाची चव विचारली की ते डोळे मिटून ओठांवरून जीभ फिरवायचे.

नात झाली, गिरिजा. त्याच महिन्यात गोठ्यात कपाळावर पांढरा ठिपका असलेली वगार झाली, तिचं नाव चांदणी. आप्पांनी ही बातमी गल्लीत घरोघरी सांगितली. नातीची आधी सांगितली की वगारीची, यावर आमच्या घरात थोडा वाद आहे.

गिरिजा बसायला लागली तशी तिला वरचं दूध सुरू केलं. दोन चमचे पोटात गेले आणि तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, सगळं ओकून पडलं. आक्कांनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, मीठ-मोहरीने दृष्ट काढली. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. मग लेकराला परभणीला आणलं. आमच्या लॅबच्या वरच्या मजल्यावर लहान मुलांच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी तपासलं आणि दुधातल्या प्रथिनांविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं तयार झालीत का, ते बघायला चिठ्ठी लिहून खाली पाठवलं. आप्पांनी त्यातून एवढंच घेतलं की दूध आणि रक्त यांची गाठ घालून बघायची आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी लेक, सून, नात आणि ती टोपली.

"लाल दोरा भुरीचा, पिवळा मैनाचा, हिरवा राणीचा, पांढरा गंगीचा अन् काळा सगुणीचा," त्यांनी मला समजावून सांगितलं. "कोणतीचं बाधायलंय तेवढं सांग. तिचं बाजूला ठेवतो. चौघींवर पोरगी आरामात वाढंल."

मी त्यांना खाली बसवलं. दूध लागत नाही, नुसतं रक्त लागतं, ते पुण्याला जातं, तिथलं यंत्र बघतं, असं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. दूध बघितल्याशिवाय रक्त त्याला ओळखणार कसं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर प्रश्न काही वाईट नव्हता. शेवटी मी म्हटलं, "आप्पा, तुमच्या शेतात जागल्या असतो ना राखणीला? तसे रक्तात जागले असतात. हिच्या जागल्यांनी दुधाला चोर समजलंय. दूध दिसलं की काठ्या घेऊन उठतात. ते जागले आहेत का अन् किती आहेत, एवढंच मोजायचंय."

आप्पा टेबलावरच्या पेल्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चोर? दूध?" आणि थोड्या वेळाने, "वळख चुकली म्हणायची."

गिरिजाच्या इवल्याशा दंडातून मी रक्त काढलं तेव्हा ती रडली आणि आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काही दिवसांनी रिपोर्ट आला. दुधातल्या प्रथिनांची नावं आणि त्यांच्यापुढे आकडे, सगळे चढे. म्हशींच्या नावांचा रकाना त्यात नव्हता. डॉक्टरबाईंनी सांगितलं की कोणत्याच म्हशीचं नको, गाईचं नको, शेळीचंही नको. दही, तूप, पेढा, काही नको. पण पुष्कळ लेकरांचं हे वाढत्या वयात आपोआप जातं, वर्षाला एकदा रक्त तपासत राहू. आप्पांनी बाकीचं सगळं सोडलं आणि तेवढं शेवटचं वाक्य उचललं. जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजी जागले निजू शकतेत."

ते पाच पेले त्या दिवशी आमच्या लॅबच्या चहाला लागले. कुठल्या म्हशीचा चहा झाला ते कुणाला कळलं नाही.

खरी भीती पुढे बसली. गिरिजा चालायला लागली होती. आप्पा अंगणात चहा पीत होते, ती दुडुदुडु आली, आणि त्यांनी तिला उचलून गालाचा मुका घेतला. मिशीला दुधाचा चहा लागलेला होता. बघता बघता तिचा चेहरा सुजला, डोळे बंद झाले, श्वासातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. शेजाऱ्याच्या जीपने परभणीला आणलं. डॉक्टरबाईंनी जिन्यातच इंजेक्शन दिलं. तासाभराने पोरगी पुन्हा हसायला लागली, पण आप्पा आमच्या लॅबच्या पायरीवर दोन्ही हात समोर धरून बसले होते. ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

त्या दिवसापासून आप्पांनी दूध सोडलं. दूधवाल्याने दूध सोडलं म्हणून सगळी गल्ली हसली. कोरा चहा पिताना त्यांचं तोंड असं व्हायचं की बघणाऱ्याला दया यावी. कुणी विचारलं, आप्पा, कसला उपास? तर म्हणायचे, "उपास न्हाई. सवय मोडायलोय."

एकदा हुरड्याला त्यांनी आम्हा लॅबवाल्यांना पेडगावला बोलावलं होतं. तिथं मी तो सगळा सोपस्कार पाहिला. गोठ्यातून आले की आप्पा थेट विहिरीवर जायचे. शर्ट तिथंच काढायचे. कोपरापर्यंत हात, मान, तोंड, आणि मिशी तर तीनदा, साबणाने घासून धुवायचे. मग दोरीवरचा वेगळा शर्ट. तो आक्का गोठ्याच्या कपड्यांत कधी मिसळू देत नसत. एवढं झाल्यावर ते अंगणात येऊन खाली बसायचे आणि हात पसरायचे. लांब उभी राहून वाट बघणारी गिरिजा तेव्हा कुठे धावत यायची. तिला हा खेळच वाटत होता. मला मात्र हुरडा गोड लागेना. जन्मभर ज्या दुधाला हा माणूस देवाच्या खालोखाल मानत आला, ते तो अंगावरून असं धूत होता की जणू काही विटाळच झालाय, आणि तरी त्याच्या चेहऱ्यावर दुधाबद्दल राग नव्हता. त्या दिवशी मला आप्पा फार आवडले.

दर वर्षी रक्ताला येताना ते आधी दारात थांबून विचारायचे, "काय म्हंतेत जागले?" पहिल्या वर्षी आकडा तसाच होता. दुसऱ्या वर्षी किंचित उतरला. आप्पांनी मला त्या वर्षी एक स्वप्न सांगितलं. चांदण्यात ज्वारीचं उभं रान, मधे माळा, आणि माळ्यावर सगळे जागले घोंगड्या घेऊन बसलेले. खालून चांदणी चालली होती. एक जागल्या उठला, तिच्याकडे बघितलं आणि परत पडला. "वळखलं वाटतं तिला," आप्पा म्हणाले. मी नमुन्यावर गिरिजाचं नाव लिहीत होते.

मग चांदणी व्याली. महाशिवरात्रीच्या आगेमागे. आणि गिरिजाच्या रक्तातले जागले अजून जागेच होते.

रीत तर रीत. आप्पांनी चांदणीची धार काढलीच नाही. सगळं दूध तिच्या वगारीला सोडलं. तिला झेपेना तेव्हा शेजारच्या एका आईवेगळ्या पारडालाही तिथंच आणून लावलं. दोन्ही पिल्लं पैलवानासारखी तुकतुकीत झाली. गावातले लोक ती बघायला यायचे. मुलगा चिडला. तो मला लॅबमध्ये येऊन म्हणाला, "ताई, तुमी तरी सांगा. घरातली सगळ्यात चांगली म्हैस, अन् एक थेंब हाती न्हाई. पोरीला ते दूध कधीच चाललं न्हाई तर?"

मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "तर पिल्लं पितील. दूध वाया थोडंच जायलंय?"

"पण आप्पा, जनावराला काय कळतंय?"

"जनावराला न्हाई कळलं तर न्हाई. मला तर कळतंय ना. मी तिला पोरीच्या नावाची केली, अन् पोरीच्या आधी दुसऱ्या माणसाला पाजलं, तर मी झोपू कसा?"

ज्या माणसाची सगळी मिळकत झोपेतल्या स्वप्नांत होती, त्याची झोप मी कशी मोडणार? मुलाला मी सांगितलं की त्यांच्या नादी लागू नका.

पोळ्याच्या आधीच्या तपासणीत आकडा बराच खाली आला. रिपोर्ट घेऊन मीच वर गेले. डॉक्टरबाईंनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या की आता दूध देऊन बघू. घरी नाही, इथंच, इंजेक्शन तयार ठेवून, आधी थेंब, मग चमचा, मग वाढवत. आप्पांनी विचारलं, "कुणाचंबी दूध चालंल?" बाई हसल्या. उकळून आणा म्हणाल्या.

ठरल्या दिवशी सकाळी जीपमधून गिरिजा, तिचे आईवडील आणि आक्का आले. दूध नव्हतं. "येतेत," आक्का म्हणाल्या. "चांदणीनं लाथ मारली. तिला कवा माणसाचा हात लागलाय? एक भांडं तर पार अंगावर उपडं केलं. दुसऱ्यांदा बसले, तिसऱ्यांदा बसले, तवा कुठं पेलाभर निघालं. उकळंपर्यंत हितली वेळ झाल्ती. कापडं बदलायबी सवड न्हाई. म्हणून जीपमधी बसले न्हाईत."

खिडकीतून बघितलं तर रस्त्यापलीकडे लिंबाच्या झाडाखाली मोपेड उभी होती. मी खाली गेले. आप्पा नखशिखान्त दुधात भिजून वाळले होते. छातीवर शर्ट पांढुरका कडक झाला होता, मिशीत सुकलेले थेंब होते. लहानपणीचा तो धुक्यातला वास मला रस्त्याच्या मधेच भेटला.

त्यांनी फडकं बांधलेला पेला माझ्या हातात दिला. या वेळी दोरा नव्हता. "तूच ने माय. मी हितंच बरा. जागले निजलेत ना?"

"निजल्यासारखे दिसतायत."

"मंग लय आवाज नका करू," ते म्हणाले.

वर थेंब ओठाला लावला. वाट पाहिली. मग चमचा. पुन्हा वाट. तिसऱ्या वेळी गिरिजाच्या ओठाच्या कडेला लालसर ठिपका दिसला. सून पोरीचा हात घट्ट धरून बसली. डॉक्टरबाई इंजेक्शनजवळ उभ्या राहिल्या. मी खिडकीशी गेले. आप्पा झाडाखाली मांडी घालून बसले होते, डोळे उघडे, पण कुठंच न बघणारे. मी त्यांना काही खूण केली नाही. करायची तरी कसली? थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, फडक्याने तोंड घासलंय हिने, त्याचं आहे. ठिपका हळूहळू गेला.

मी खाली जाऊन त्यांच्याजवळ बसले. "रात्री काय स्वप्न पडलं, आप्पा?"

"न्हाई पडलं," ते म्हणाले. "झोपच न्हाई, तर सपान कुठून येतंय?"

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी परत वर गेले.

दुपारपर्यंत पेला रिकामा झाला. शेवटचे घोट गिरिजाने नाक मुरडत, आईचे डोळे चुकवत घेतले. "कसं लागलं ग?" आक्कांनी विचारलं. ज्या दुधासाठी दोन पिल्लं पैलवान झाली, ज्याच्यासाठी म्हाताऱ्याने लाथा खाल्ल्या, त्या दुधाबद्दल ती म्हणाली, "याला वास येतोय. मला नको परत." डॉक्टरबाई मोठ्याने हसल्या. आणखी बराच वेळ बसवून ठेवून त्यांनी तिला जाऊ दिलं.

खाली येताच तिने लिंबाखाली आप्पांना पाहिलं आणि आईचा हात सोडून निघाली. मी मागून धावले आणि रस्ता ओलांडेपर्यंत तिला धरलं. आप्पा उठून उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे करून मागे मागे सरकायला लागले. "थांब माय, थांब, म्या धुतलं न्हाई. कापडं तीच हायेत." मागे झाड होतं. त्यापुढे त्यांना जाता येईना.

"आप्पा," मी म्हटलं, "आता चालतंय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परक्या भाषेत काही बोललेय. तोवर मी गिरिजाचा हात सोडला होता. ती गुडघ्यांना जाऊन भिडली आणि त्यांनी तिला उचललं, सावकाश, उकळतं भांडं उचलावं तसं. तिने त्यांच्या छातीवरच्या कडक शर्टात नाक खुपसलं. एकदा हुंगलं, मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा हुंगलं. कळायला लागल्यापासून तिला माहीत असलेल्या आप्पांना साबणाचा वास यायचा.

"आप्पा," ती म्हणाली, "तुमचा वास असा हाय व्हय?"

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. पाठ लिंबाला टेकलेली, मिशीत दूध, आणि डोळे मिटलेले.

"हौ माय," ते म्हणाले. "असाच हाय."